कानानं शिवणारी

चौथी सुई मोडली, तशी शिंपीणबाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"हे परत घेऊन जा गं," त्या समोर बसलेल्या इंजिनीअर मुलीला म्हणाल्या. "यापेक्षा माझा अर्धा बहिरेपणा बरा होता. मशीन तरी ऐकू यायचं."

मुलगी गोरीमोरी झाली. यंत्र तिनेच घडवलं होतं. भोवतालचा अंदाज घेऊन ते आपलं आपण बदलायचं: रस्त्यावर वाहनांची घरघर दाबायचं, घरात माणसांचं बोलणं उचलायचं.

"पण काकू, बोलणं नीट ऐकू येतंय ना?"

"बोलणं येतं, मशीन येत नाही. सुई बोथट झाली, दोरा ताणला, की मशीनचा सूर बदलतो. चाळीस वर्षं मी कानानं शिवतेय. तुझं यंत्र नेमकं तेच गिळतं."

यंत्राच्या लेखी सलग घरघर म्हणजे गोंगाट. मुलीनं वही मिटली, स्टूल ओढलं आणि दुपारपर्यंत नुसती बघत राहिली. आधी बाईंची मान झुकायची, मग मशीन सुरू व्हायचं. दर वेळी तस्संच. मान झुकली की कानातलं यंत्रही कलायचं, आणि ते त्याला कळत होतंच. त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता.

आठवड्यानं ती परत आली.

"आता मान खाली आणि घरघर चालू, म्हणजे काकू कामात आहेत, एवढं त्याला कळेल. मशीनही ऐकू येईल, माणसंही."

बाईंनी वीतभर शिवलं, थांबल्या, दोऱ्याचा ताण जरासा सैल केला आणि पुन्हा शिवलं.

"आत्ता कसं!" त्या म्हणाल्या. मुलीचा चेहरा उजळला.

ती गेल्यावर बाईंनी एका सदऱ्याची कॉलर शिवायला घेतली. पाठीमागे त्यांचे यजमान इस्त्री करत होते. मशीनच्या सुराआडून बाईंना पुटपुटणं ऐकू आलं. मशीन चालू असलं की बोलायच्या जुन्या सवयीचं, संथ.

"काय कॉलर बसवते! बघत राहावं नुसतं. आणि तोंडावर सांगायचं म्हटलं, तर माझी जीभ टाळ्याला चिकटते."

बाईंचा पाय थांबला. पुटपुटणंही थांबलं.

"काही म्हणालात?"

"छे! मी कुठं काय," कापडावर पाणी शिंपडत यजमान म्हणाले.

कॉलर पुरी झाली होती. बाईंनी खालच्या टोपलीतून एक चिंधी उचलली, सुईखाली सरकवली, मान झुकवली आणि सावकाश मशीन सुरू केलं.