खिडकीखालची आठ वीत

यंदाच्या वसंतात तिसरीच्या वर्गात मापं शिकवत होते. पट्टी नाही, टेप नाही, सगळं आपापल्या हाताने. मुलं दिसेल ते मोजत सुटली होती. फळा, दरवाजा, शिपाईकाकांचा झाडू, एकदा तर झोपलेलं मांजरसुद्धा, अर्थात शेपटीपर्यंत पोचायच्या आत ते उठून गेलं.

म्हाताऱ्या सुताराची नात याच वर्गात होती. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. एके दिवशी ती शाळेतून आली आणि दप्तर खांद्यावरून न उतरवताच म्हणाली, "आजोबा, बाईंना खिडकीखाली बाक हवाय. गोष्टीची पुस्तकं वाचायला. मी सांगितलं, माझे आजोबा करतील."

"मला न विचारता?"

"तुम्ही रिकामेच तर असता."

सून स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, कुणाशी बोलतेस?" पण म्हाताऱ्याला राग आला नाही. बायको गेल्यापासून तो खरंच रिकामा होता. रंध्याला हातही लावला नव्हता.

"जागा किती आहे?"

"आठ वीत. मी स्वतः मोजली, दोनदा."

आठ वीत म्हटल्यावर त्याची नजर आपसूक खोलीतल्या शिवणाच्या टेबलाकडे गेली. बायको घरी शिवणकाम करायची. टेबलाच्या फळीच्या कडेला तिने कात्रीच्या टोकाने खुणा कोरल्या होत्या, एका वितेवर एक. कापड त्या कडेला लावायची आणि टेप शोधायचा त्रास वाचवायची. फळी बरोब्बर आठ वीत भरत होती.

हे टेबल काढायचं की ठेवायचं, यावरून घरात कुणीच तोंड उघडत नव्हतं. आता म्हाताऱ्याला वाटलं, फळी जशी या बाकासाठीच थांबली होती. करवत लावायचीसुद्धा गरज नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, एकदा शाळेत जाऊन टेप लावून या."

"कशाला? तुझ्या आईने जन्मभर मला वितेतच माप दिलं. अहो, तीन वीत उंच आणि दीड वीत रुंद, एवढंच म्हणायची. एक कपाट चुकलं नाही."

म्हाताऱ्याने टेबल सुटं केलं, फळीचं वरचं अंग रंधून काढलं, पॉलिश पेपर मारला, खाली बुटके पाय ठोकले. खुणांची कड मात्र तशीच ठेवली. काम करताना कितीतरी दिवसांनी तो गुणगुणत होता, ते सुनेने ऐकलं आणि चहाचा कप हळूच बाजूला ठेवून गेली.

बाक हातगाडीवरून शाळेत गेला. शिपाईकाकांनी एक बाजू धरली. मुलं टाळ्या वाजवत बाजूला झाली. बाक खिडकीपाशी नेला, आणि तो भिंत आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामध्ये मावेना. थोडाथोडका नाही, चांगला दोन विती जास्त.

"भिंगरीने माप चुकवलं," मागून एकजण म्हणाला.

"नाही चुकवलं." भिंगरी पुढे आली. तिने लगेच गुडघे टेकून जागा पुन्हा मोजली. आठच भरली.

बाई समजुतीने म्हणाल्या, "आजोबा, एवढं काय त्यात. जास्तीचं कापून टाका. करवत आणलीय ना?"

करवत पिशवीत होती. सुताराला लाकूड कापायचं काय ते अवघड. त्याने एका टोकाचे पाय काढले, पेन्सिलीने रेघ मारली, करवत रेघेवर टेकवली. रेघेपलीकडे बायकोच्या दोन विती होत्या. हात पुढे सरकेना. पोरं बघत होती म्हणून त्याने उगाच करवतीचे दाते पुसले, मग पुन्हा पुसले.

तेवढ्यात एक मुलगी कडेला वाकली. "बाई, इथे कुणीतरी आधीच मोजलंय." तिने एका खुणेवर अंगठा ठेवून हात ताणला. करंगळी पुढच्या खुणेपर्यंत पोचेना. मग दुसऱ्याने ताणून पाहिला, मग सगळ्यांनी. भिंगरी शेवटी आली. तीही कमीच पडली.

"आजोबा, ही कुणाची वीत आहे?"

"तुझ्या आजीची," म्हातारा म्हणाला.

भिंगरीने मान वर केली. "मग मी चुकले नाही. तुम्ही आजीचा हात धरलात."

बाईंनी डोक्याला हात लावला आणि हसल्या. "दोन आठवडे मी हेच शिकवतेय, की प्रत्येकाची वीत वेगळी. आणि आजोबा, तुम्ही चक्क पुरावा घेऊन आलात."

म्हाताऱ्यालाही हसू आलं. पण करवत अजून हातातच होती. त्याने बाईंकडे न बघता विचारलं, "कापलंच पाहिजे का?"

मघाशी मागून बोललेला मुलगा म्हणाला, "कपाट सरकवा की. ते कुठे भिंतीला चिकटवलंय?"

कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. मुलांनी पुस्तकं उतरवली, शिपाईकाका आणि म्हाताऱ्याने खांदा लावला, आणि कपाट कुरकुरत दोन विती पलीकडे गेलं. मागून तीन खोडरबर, एक चेंडू आणि कुणाचा तरी वाळलेला पेरू निघाला. पेरूवर कुणीच हक्क सांगितला नाही. म्हाताऱ्याने काढलेले पाय पुन्हा ठोकले, पेन्सिलीची रेघ अंगठ्याने पुसली आणि बाक आत ढकलला. तो बसवल्यासारखा बसला. कापला असता तर पाचजण मावले असते, आता सातजण दाटीवाटीने पुस्तकं घेऊन बसले.

भिंगरी मात्र बसली नाही. ती खुणेवर हात ताणून बघत होती. "दोन बोटं कमी पडतात."

"पुढच्या वर्षी बघ."

"पुढच्या वर्षी मी चौथीत. हा बाक इथेच राहणार."

"मधल्या सुट्टीत येऊन बघ. बाई काय दार लावून घेणार आहेत?"

संध्याकाळी घरी मुलाने विचारलं, "बसला का बाक?"

"बसला," म्हातारा पिशवी खुंटीला अडकवत म्हणाला. "वर्ग जरा लहान निघाला."

सूनबाईने चहा पुढे केला. तो घेऊन म्हातारा खोलीत गेला. टेबलाच्या जागी जमिनीवर चार पायांच्या फिकट खुणा उरल्या होत्या. तिथे त्याने खुर्ची ओढली आणि चहा संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत आरामात बसला.