कुकरमधली फरशी

"आज काय शिजून राह्यलं, वं?" देवाजींनी ओट्याकडे वाकून विचारलं.

"तुमच्या गाडीची फरशी, बाबा," नंदिनी सासऱ्यांना म्हणाली.

कुकरमध्ये प्लायवूडचे दोन तुकडे सकाळपासून उकळत होते. इतवारीच्या बाजारातून नमुने आणून देताना धोंडबा सुतारानेच सांगितलं होतं, "उकळून पाहा ताई. पदर सुटले तर दुकानदाराच्या तोंडावर मारा."

दारातला जुना ट्रेलर एके काळी गावोगाव फिरणारा दवाखाना होता. सासऱ्यांनी त्यावर वीस वर्षं मदतनिसाचं काम केलं, आणि भंगारात निघाला तेव्हा त्यांनीच तो घेतला. आता त्यात नंदिनीची शिलाई मशीन बसणार होती, मुलींच्या हॉस्टेलसमोर. मशीनच्या पायाशी दहा महिन्यांची दीप्ती दिवसभर रांगणार. जरा काही झालं की तिची छाती कफाने भरायची. तिथली हवा तिला सोसली नाही, तर रोज नंदनवन वस्तीत आपल्या आईकडे सोडावं लागणार होतं. या विचाराने नंदिनीला आठ दिवस धड झोप नव्हती.

दुपारी तिने कुकर उघडला. एका तुकड्याचे पापुद्रे सुटले होते, दुसरा जसाच्या तसा. पण स्वयंपाकघरात प्लायमधल्या गोंदाचा असा उग्र वास कोंडला होता, की कडेवरची दीप्ती खोकू लागली. नंदिनीने खिडक्या उघडल्या आणि तिला घेऊन बाहेर गेली.

"सिमेंटचा बोर्ड टाकला तर? त्याला वास नसतो," तिने विचारलं.

"हालत्या गाडीत तडकते ना तो," धोंडबा ट्रेलरमधून म्हणाला. त्याने फरशीवरचं जुनं रेग्झिन उचकटलं. खालचं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. "छत कोरडं आहे, बूडही कोरडं. मग वरून पाणी कोणं ओतलं? रेग्झिनखाली ते मुरते, वाळत नाही."

देवाजी ट्रेलरच्या दाराशी आले.

"म्याच. रोज दोन बादल्या, फिनाइल टाकून. साऱ्या गावचे लोकं चढत होते. देवाजीच्या गाडीत घाण आहे, असं कोणाले म्हणू द्यायचं नव्हतं मले."

दीप्तीसाठी नंदिनी स्वतः घरात दिवसातून तीनदा फरशी पुसायची. ट्रेलरसाठी नव्या रेग्झिनचा रोलही आणून ठेवला होता, हिरव्या फुलांचा.

"रेग्झिन परत करा," ती थकून म्हणाली. "हा टिकला तोच प्लाय घ्या. कापा आणि गच्चीवर उन्हात उभा करा. वास गेल्यावरच ठोकायचा."

"महिना जाईल, ताई. हॉस्टेल तर पंधरा दिवसांत भरते. पहिलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे."

रोज संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन प्लायला नाक लावू लागली. सोळाव्या दिवशी, हॉस्टेल भरलं होतं तेव्हाही, वास होताच. देवाजी कोरडं फडकं घेऊन फळ्यांवरची धूळ झटकत होते. तिने दीप्तीला त्यांच्याकडे दिलं आणि उद्याच्या उन्हासाठी एकेक फळी उलटी करून ठेवली.