पाय उचलला की बंद पडणारी गाडी

शेवटच्या त्या साध्या दिवशी दौलतसिंग मला घेऊन शेलूबाजारच्या बस थांब्यावर उभे होते. मागच्या सीटवर बाजारातून उरलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या होत्या आणि त्यांचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता. उभ्या गाडीतही तो तिथेच ठेवावा लागे. पाय उचलला की माझ्या इंजिनाचा आवाज वर-खाली होई, मी थरथरे आणि बंद पडे.

बस उशिरा आली. त्यांची मुलगी राधिका उतरली. बॅग मागे टाकत म्हणाली, "बाबा, उभ्या गाडीत किती पेट्रोल जाळता?"

"बंद पडली तर धक्का कोण मारीन? तू?"

"मी कायले? तुमची लाडकी हाये ते."

मग घर येईपर्यंत दोघे काही बोलले नाहीत. त्यांच्यात तशीच रीत होती.

दुसऱ्या दिवशी दौलतसिंग वांग्यांच्या ओळीत पाणी सोडताना कोसळले. मी वाटेत बंद पडेन म्हणून त्यांना शेजाऱ्याच्या जीपमधून नेले. ते परत आले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी चारचाकी आहे. दूरच्या एका कारखान्यात मला आकार मिळाला. तिथला रंगाचा ओला वास अजून आठवतो. आधी अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी मला वापरले, मग दौलतसिंगांनी घेतले. गावात त्या वेळी माझ्यासारखी दुसरी नव्हती. नवरदेव माझ्यात बसले, बाळंतिणी माझ्यातून घरी आल्या. पोरे माझ्या काचेवरच्या धुळीत आपली नावे लिहीत, आणि दौलतसिंग ती पुसताना एकेक नाव मोठ्याने वाचत. पुढे नव्या गाड्या आल्या. माझ्या वाट्याला मेथी, वांगी आणि बस थांबा राहिला. मला त्याचे वाईट वाटले नाही.

ते गेल्यावर मात्र मला पत्र्याच्या शेडमध्ये ढकलले आणि दार तारेने बांधले. उन्हाळ्यात पत्रा तापे, आत हवा हलत नसे. टायर बसले. उंदरांनी सीटचा कापूस काढला. रस्त्यावरून गाड्या गेल्या की मला ऐकू येत. माझ्याजवळ हॉर्न होता, पण बॅटरी उतरली होती. दाराच्या फटीतून एक उजेडाची रेघ येई आणि सरकत सरकत निघून जाई. तेवढाच माझा दिवस.

एकदा राधिका सुट्टीत आली, तेव्हा तिची आई भागिरथाबाई शेडच्या दाराशी म्हणाल्या, "कांद्याले जागा पाह्यजे. बाजाराच्या दिवशी भंगारवाला येऊन राह्यला."

"आई, एकदा निजामुद्दीनचाचाले दाखवू दे."

"दाखव. उभ्यानं सुरू राह्यली तर ठेव. नाही तर जाऊ दे. मले रोज तिचं तोंड पाह्यचं नाही."

निजामुद्दीन शेलूबाजारचे जुने मिस्त्री. त्यांनी बॅटरी जोडली, जुने पेट्रोल काढले, प्लग साफ केले. मी सुरू झाले आणि राधिकेने पाय उचलताच बंद पडले.

"हिले दमा झाला," ते म्हणाले. "दौलतभाऊनं लाडानं बिघडवली. कार्बोरेटर तर मी त्याईच्या वेळीच दोनदा धुतलं."

"मग काहून धुतलं?"

"दुसरं काही सुचत नव्हतं, बेटा."

त्यांनी रेसचा स्क्रू पिळला. मी ओरडू लागले. सैल केला, मी विझले. मग ते वाकून कान देऊ लागले. कार्बोरेटरच्या मागे एक रबरी नळी होती आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती.

ती पट्टी दौलतसिंगांची. मळ्यातल्या ठिबकची नळी चिरली की ते अशीच पट्टी ताणून बांधत. पाणी यायचे थांबले की काम झाले. माझी नळी चिरली तेव्हाही त्यांनी तसेच केले, वर तळवा धरला, बाहेर काही येत नाही म्हणून समाधानाने हात पुसले. पण माझी नळी बाहेर काही टाकत नाही, ती आत ओढते. पट्टीखालच्या चिरेतून नको ती हवा माझ्या आत शिरत राहिली. मला ते ठाऊक होते. थरथरण्याखेरीज मला काही सांगता येत नव्हते.

"ही पट्टी कापा लागते," निजामुद्दीन म्हणाले.

"ती राहू द्या. दुसरं काही पाहा. बाबांनं बांधली ते."

त्यांनी वाद घातला नाही. तिला पेडलवर पाय ठेवायला लावून मला सुरू केले आणि पट्टीच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, नळी पकडीने दाबून धरली. "आता पाय काढ." मी शांत झाले. पकड सोडली, मी थरथरू लागले. पुन्हा दाबली, पुन्हा शांत. ते तिच्याकडे पाहत थांबले.

राधिकेने मला बंद केले आणि खाली उतरली. ब्लेड घेतले नाही. नखाने गाठ सोडवली आणि पट्टी वेढ्यावेढ्याने उलगडली. वेळ लागला. खालची चीर बोटभर लांब होती.

नवी नळी बसली. स्क्रू पुन्हा जागेवर आला. निजामुद्दीन हात धुवायला विहिरीकडे गेले.

मित्रांनो, घरात एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिला अधूनमधून सुरू करा. ती थरथरली तर केवळ पाय दाबून तिला गप्प करू नका. काय दुखते ते शोधा. आणि माणसे कमी बोलणारी असतील, तर तुम्ही आधी बोला.

राधिका एकटीच आत बसली. तिने किल्ली फिरवली आणि दोन्ही पाय मागे घेतले. मी सुरूच राहिले. इतकी शांत मी त्या घरात कधीच नव्हते. दारात भागिरथाबाई येऊन उभ्या होत्या. राधिकेने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिले नाही, समोर पाहिले.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "बस वळली का मी खिडकीतून आधी हेच गाडी शोधत होती. दिसली का वाटे, पोचली मी. तुमाले कधी सांगतलं नाही."