बत्तीस नंबरची जर्सी

प्रेअरी फोर्क कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला तेव्हा वर्लीन सोबोत्का नुकतीच गुरांचा लिलाव आटोपून कॉफी ओतून घेत होती. नेब्रास्काच्या त्या भागात बैल विकायचा तर वर्लीनच्याच तोंडून, असं लोक म्हणत. आवाज तसा होता तिचा.

"तुमचा बत्तीस नंबर आम्ही कायमचा निवृत्त करतोय," बाई म्हणाल्या. "यापुढे तो कुठल्याच मुलीला मिळणार नाही. तुमची जर्सी बास्केटबॉल हॉलच्या छताला टांगली जाईल."

वर्लीननं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "येते मी. पण जर्सी मला कोच हॉगनच्या हातून हवी."

बाई भारावूनच गेल्या. कोच ड्वाइट हॉगन म्हातारपणी ॲरिझोनाला जाऊन राहिले होते. त्यांना विमानाचं तिकीट पाठवायचं बाईंनी लगेच कबूल केलं.

वर्लीन कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी सरावात तिचा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी तपासला आणि कोचला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. कोच तिच्याकडे येऊन म्हणाले, "नुसती सूज आहे, पोरी. एक इंजेक्शन घे आणि खेळ." ती खेळली. सामना तिनंच जिंकून दिला, आणि शेवटच्या मिनिटाला जी पडली ती पुन्हा नीट धावलीच नाही. फायनल तिच्याशिवाय झाली, संघ हरला. कोचनी गावच्या पेपरात सांगितलं, "गुडघ्यापेक्षा तिची हिंमत आधी मोडली."

तिच्या बापानं तो पेपर वाचला आणि गावकरी जमत त्या कॉफीच्या दुकानात जाणं सोडलं. तो जिवंत होता तोवर पुन्हा गेला नाही.

डॉक्टर खरं काय म्हणाले होते ते नदीननं ऐकलं होतं. नदीन तिच्याच संघातली. शेजारच्या खोलीत घोट्याला पट्टी बांधून घेत होती. तिनं हॉस्पिटलात येऊन सगळं सांगितलं. पण जिंकणाऱ्या कोचपुढे शेतकऱ्यांच्या दोन पोरींचं कोण ऐकणार? दोघी गप्प बसल्या. वर्लीन गप्प बसली, पण विसरली नाही.

समारंभाच्या दिवशी हॉलमागच्या बोळात कोच भेटले. अंगात लाल कोट, पाठीला बाक आलेला. त्यांना तसं पाहून वर्लीनचं मन क्षणभर मऊ झालं.

"वर्लीन, पोरी," ते म्हणाले, "लंगडतेस का गं?"

"गुडघा, कोच."

"वयानं होतंच ते. माझे तर दोन्ही बदललेत."

त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळल्याचं काही म्हणजे काही नव्हतं. वर्लीनचं मन होतं त्याहून घट्ट झालं.

त्या दिवशीच्या सामन्याच्या मध्यंतरात दोघं मैदानाच्या मधोमध उभे राहिले. कोचच्या हातात फ्रेममधली जर्सी, वर्लीनच्या हातात माईक. हॉल गच्च भरला होता.

"मला कोचना एकच विचारायचंय," ती म्हणाली. "त्या सेमीफायनलच्या आधी डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?"

कोच हसले. "इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय?"

"नदीनला."

तिसऱ्या रांगेतून नदीन उठली. हॉल इतका शांत झाला होता की तिला माईक लागला नाही. "डॉक्टर म्हणाले, हिला खेळवलंत तर पाय कामातून जाईल. तुम्ही म्हणालात, तिला सांगू नका, इंजेक्शन द्या."

कोचनी ओठांवरून जीभ फिरवली, माईककडे वाकले. "आपण जिंकलो होतो ना," ते म्हणाले, आणि सवयीनं टाळ्यांसाठी वर पाहिलं.

एकही टाळी वाजली नाही. मागून कोणी म्हातारा म्हणाला, "खाली बस, ड्वाइट."

"माझी हिंमत मोडली असं तुम्ही पेपरात म्हणालात," वर्लीन म्हणाली. "खरं काय ते आता या लोकांना सांगा."

लिलाव करणाऱ्या माणसाला किती वेळ थांबायचं ते बरोबर कळतं. ती थांबली. कोचची हनुवटी थरथरायला लागली, डोळे भरले, तरी ती थांबली. मग तिनं त्यांच्या हातातून फ्रेम काढून घेतली. कोचना सगळं मैदान एकट्यानं ओलांडून जावं लागलं.

दाराशी त्यांची बायको मेरियन उभी होती. "हे घरी येऊनसुद्धा बोलता आलं असतं, वर्लीन."

"त्यांनी ते घरी नव्हतं म्हटलं, मिसेस हॉगन. पेपरात म्हटलं होतं."

नंतर दोघी मैत्रिणी हायवेवरच्या हॉटेलात तळलेलं स्टेक खायला बसल्या.

"बरं वाटलं?" नदीननं विचारलं.

"खूप."

"जरासुद्धा वाईट नाही वाटलं? म्हातारा रडत होता गं."

"बघितलं मी," वर्लीन म्हणाली. "माझा बापही रडला होता. त्याला कोणी बघितलं नाही." आणि तिनं ताटातला बटाटा संपवला.

बर्फ वितळायच्या सुमारास हॉगन वारले. शोकसभेला बोलवायला अध्यक्षीणबाईंनी जरा चाचरतच फोन केला. त्या दिवशी वर्लीनकडे लिलाव होता. नसता तरी ती गेली नसती, आणि तिनं बाईंना तसंच सांगितलं.