दर रविवारी एक फोटो

सिस्टरनी जुन्या चमच्याने ट्रेमधली वाळू दोन जागी उकरली, एका जागी मुद्दाम लहानसा ढीग केला आणि कमरेवर हात ठेवून दुरून पाहिलं. पटण्यासारखं दिसत होतं. मग वाटीतले निम्मे दाणे मुठीत घेऊन त्यांनी खिडकीबाहेर चिमण्यांना टाकले, दोन दाणे वाटीच्या कडेला सांडू दिले, आणि कपाटातली राखाडी लोकरीची शाल काढून तिचा कोपरा उशीवर खसाखसा घासला. चार धागे चिकटले. पाचवा त्यांनी चिमटीत धरून नीट आडवा ठेवला.

घरात मांजर नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी होतं, पाच दिवस. आणि अकरा वाजता प्राण्यांच्या निवाऱ्यातली मुलगी ते मांजर कसं रुळलंय हे बघायला येणार होती.

सिस्टर म्हणजे खऱ्याखुऱ्या सिस्टर. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली, त्यातली शेवटची बारा मोठ्या वॉर्डाची प्रमुख म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इमारतीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कुणाचं पोर पडलं, कुणाला गरगरलं, की तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजायची, आणि सिस्टर आधी दोन शब्द सुनावून मग पट्टी बांधायच्या. त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या वजनाची त्यांना स्वतःला चांगलीच कल्पना होती, हेही खरं.

निवाऱ्यात गेल्या तेव्हाही हे वजन त्यांनी सोबत नेलं होतं. तिथे सगळ्यात वरच्या फळीवर, दोन खोक्यांच्या फटीत, एक राखाडी मांजर भिंतीला अंग चिकटवून बसलं होतं. रस्त्यावरून उचलून आणलेलं, एका कानाचं टोक कापलेलं, पुढचा एक पाय पांढरा. तिथले लोक तिला बुजरी म्हणत. निवाऱ्यातल्या मुलीने सूचनांचा कागद पुढे केला आणि एकेक ओळ वाचून दाखवायला सुरुवात केली. लपली तर लपू द्यायचं. ओढून बाहेर काढायचं नाही. दार उघडं टाकायचं नाही.

"बाळ, माझ्या हाताखाली चाळीस खाटा होत्या," सिस्टर म्हणाल्या. "मला नको शिकवूस."

मुलगी हसली आणि तिने सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

घरी आल्या आल्या बुजरी पलंगाखाली गेली ती गेलीच. पहिल्या दोन दिवसांत सिस्टरनी जमिनीवर पालथं पडून तिचे चौदा फोटो काढले. चौदाही सारखेच: अंधार, दोन डोळे आणि एक पांढरा पंजा. चौथ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली, सिस्टरच्या पायाच्या अंगठ्याला नाक लावलं आणि धूम परत आत. एवढंच. पण त्या दिवशी सिस्टर दिवसभर घरात चप्पल न घालता वावरल्या.

पाचव्या दिवशी भावाच्या घरून वहिनी आल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, वहिनी निघायला म्हणून दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "मांजर आणलंय म्हणे. दिसत तर नाही कुठे. की नुसतंच सांगताय?"

"दिसत नाही कशी? माझ्याकडे येते की ती," सिस्टर म्हणाल्या.

वहिनी तिरकस हसल्या. ते हसू सिस्टरना चाळीस वर्षांपासून माहीत होतं, आणि चाळीस वर्षांत एकदाही सहन झालं नव्हतं. सिस्टर खाली वाकल्या, पलंगाखाली हात घातला आणि तो पांढरा पाय धरून बुजरीला बाहेर ओढलं. पुढचं सगळं एका श्वासात झालं. मनगटापासून कोपरापर्यंत आग पेटली, वहिनी किंचाळून बाजूला झाल्या, आणि जिन्यावरून खाली जाणारा एक राखाडी पट्टा तेवढा दिसला.

"अगबाई, हे तर जंगलीच निघालं!" वहिनी म्हणाल्या.

आणि सिस्टर हसल्या. वहिनींच्या बरोबरीने, खळखळून. "येईल हो, जाते कुठे," असंही वर म्हणाल्या. मांजर गेलं त्यापेक्षा त्या हसण्याची त्यांना जास्त लाज वाटत होती.

त्याच रविवारी निवाऱ्यातून निरोप आला. बुजरी कशी आहे, एखादा फोटो पाठवाल का? सिस्टरनी खरं काय ते टाइप केलं, वाचलं, खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. शेवटी चौदातला तिसरा फोटो पाठवून दिला. लगेच उत्तर आलं: छान. घाई करू नका. पुढच्या रविवारी सातवा फोटो गेला, त्याच्या पुढच्या रविवारी बारावा. सगळ्यांना एकच उत्तर, छान. चाळीस खाटांच्या सिस्टर रविवार उजाडला की शाळेला बुट्टी मारलेल्या पोरासारख्या फोनकडे चोरून बघायच्या.

शोधत मात्र होत्या. रोज पहाटे वाटी घेऊन खाली उतरायच्या, गाड्यांखाली वाकून बघायच्या, पाण्याच्या टाकीमागे जाऊन जिभेने टकटक आवाज काढायच्या. दुसऱ्या आठवड्यात इमारतीच्या वॉचमनने हटकलं.

"सिस्टर, तुमचं मांजर हरवलंय का?"

"छे! माझं घरात आहे," सिस्टर ताडकन म्हणाल्या. "हे बाहेरच्या मांजरांसाठी."

"चांगलं काम करताय," वॉचमन म्हणाला. तेव्हापासून तो जाता-येता न चुकता विचारायचा, मांजर कसं आहे, आणि सिस्टर न चुकता सांगायच्या, मजेत.

बेल वाजली. निवाऱ्यातली मुलगी दारात उभी होती, खांद्याला कापडी पिशवी, दोन्ही हातांवर जुन्या-नव्या ओरखड्यांची जाळी.

"येऊ का मावशी?"

ती आत आली आणि खुर्ची सोडून थेट जमिनीवर मांडी घालून बसली. सिस्टरनी पाण्याचा पेला पुढे केला.

"कुठे असते?"

"पलंगाखाली. माणूस आलं की पार भिंतीला जाऊन बसते. आणि उजेडाचा तर भारी त्रास होतो तिला."

"असू दे," मुलगी म्हणाली. ती पाणी प्यायली, तिने पिशवीतून छापील फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. पलंगाकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. बॅटरी लावून खाली वाकली तर काय सांगायचं याची त्यांनी सकाळपासून तीनदा उजळणी केली होती.

"खाते?"

"खाते ना. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी तीन. काल अर्धा चमचा टाकला."

मुलीने लिहून घेतलं.

"पोट साफ?"

"रोज एकदा."

"खोकला, शिंका वगैरे?"

"मंगळवारी दोनदा शिंकली. अंग गरम नव्हतं पण."

मंगळवारच्या शिंकांची कुणी मागणी केली नव्हती. त्या आपण होऊन आल्या होत्या, आणि सिस्टरच्या तोंडून इतक्या सहज आल्या की त्यांच्या त्यांनाच धक्का बसला. मुलगी फॉर्मवर लिहीत होती. मंगळवार, दोन शिंका, ताप नाही. सिस्टर त्या पेनाकडे बघत राहिल्या.

नऊ वर्षांपूर्वी एका शिकाऊ मुलीने दुपारच्या पाळीला थर्मामीटर न लावताच अकरा पेशंटांचे ताप तक्त्यावर भरले होते. आकडे नीटनेटके होते, संशय येऊ नये असे. सिस्टरनी तिला अख्ख्या वॉर्डासमोर उभं केलं होतं. हे आकडे कुठून आणलेस, घरून? असं विचारलं होतं, दोनदा, खाटेवरचे पेशंट ऐकत असताना. पोरीची मान वर झाली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, आणि सिस्टर ती गोष्ट पुढच्या प्रत्येक नव्या मुलीला कौतुकाने सांगत आल्या होत्या. त्या पोरीचं पुढे काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"नको लिहूस ते," सिस्टर म्हणाल्या.

"शिंकांचं?"

"सगळंच. ती इथे नाहीये."

मुलीचं पेन थांबलं. सिस्टरनी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच स्वतःला सोडवून घ्यायचे दोन प्रयत्नही केले, वहिनींनी दार उघडं ठेवलं होतं म्हणून, आणि ती आधीच बिथरलेली होती म्हणून. दोन्ही वेळा वाक्य अर्ध्यावर टाकून मागे आल्या.

"मी ओढून काढली तिला. वहिनींना दाखवायला. दुसरं काही कारण नव्हतं."

मुलीने पेनाला टोपण लावलं.

"माहीत आहे, मावशी."

"काय माहीत आहे?"

"वहिनींचं नाही. पण ती इथे नाही, हे माहीत होतं. आमच्याकडेच आहे ती. चार आठवडे झाले. तुमच्या वॉचमननेच आणून दिली. मीटरच्या खोलीत सापडली म्हणाला. गळ्यातल्या पट्ट्यावर आमचा नंबर होता."

"मग वर नाही का आणून द्यायची? मला?" सिस्टरचा आवाज सवयीने चढला.

"तुम्हाला विचारलं होतं म्हणे त्याने. तुम्ही म्हणालात, माझं घरात आहे."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या. मनातल्या मनात त्यांनी रविवार मोजले. त्यातल्या चार रविवारी बुजरी निवाऱ्यातच होती.

"म्हणजे मी फोटो पाठवायचे तेव्हा..."

"ती फळीवर बसलेली असायची. तुमचा फोटो आला की आम्ही सगळे जमायचो आणि..." मुलगी अडखळली.

"आणि?"

"हसायचो. आता खोटं कशाला सांगू."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेतानाचा पिपाणीसारखा आवाज चालू होता. सिस्टरचा चेहरा कानांपर्यंत तापला. सहा आठवडे ही लाज त्यांची एकटीची होती, घरच्या घरात सांभाळलेली. आता कळलं की ती रविवारी सकाळी एका खोलीभर माणसांच्या हातात फिरत होती, आणि ज्या मांजरासाठी हे सगळं, ते वरून बघत होतं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच असणार, असं त्यांना वाटलं.

"पहिले दोन रविवार हसलो," मुलगी खाली बघत म्हणाली. "मग नाही. मग मलाच कसंतरी व्हायला लागलं. मी तरी काय, छान छान लिहून पाठवतच होते ना. म्हटलं, तोंडावर जाऊनच काय ते विचारू. आणि इथे येऊन तेही जमेना, फॉर्मच भरत बसले."

सिस्टर उठल्या. वाळूचा ट्रे उचलून त्यांनी बाथरूममध्ये नेऊन ठेवला आणि मागे दार लावून घेतलं. उशी उलटी केली. मुलगी तेवढा वेळ आपल्या पिशवीचा बंद नीट करत राहिली.

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे. पायाला लागलं होतं, भरलं आता."

"कुठला पाय?"

"पांढरा."

सिस्टरनी मान हलवली. "परत मिळेल?"

"ते मी एकटी ठरवू शकत नाही, मावशी. खरं सांगू? अवघड आहे." मुलीने फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. "पण मी आता तिकडेच निघालेय. बघायला यायचं तर चला."

"तिथे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना."

चपला दाराशी रोजच्या जागी होत्या. तरी सिस्टरना त्या सापडायला वेळ लागला.

खाली फाटकापाशी वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. "काय सिस्टर, मांजर कसं आहे?"

मुलगी दोन पावलं पुढे गेली आणि रस्त्याकडे तोंड करून थांबली. मजेत हा शब्द सिस्टरच्या जिभेवर आपोआप आला होता. त्यांनी तो गिळला.

"तू मीटरच्या खोलीतून एक मांजर नेऊन दिलंस ना?"

"हो, ते पांढऱ्या पायाचं. फार घाबरलेलं होतं बिचारं."

"ते माझंच होतं."

वॉचमनचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"माफ करा, सिस्टर. माझं चुकलंच. आधी वर आणून तुम्हाला दाखवायला पाहिजे होतं मी. एवढे दिवस उगाच तुमच्या जिवाला घोर." तो मुलीकडे वळला. "ताई, सिस्टरना काही बोलू नका हं. माझ्याच लक्षात नाही आलं."

लिफ्टपाशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी पेपरवाला. दोघंही इकडेच बघत होते.

"तुझं नाही चुकलं," सिस्टर म्हणाल्या. आवाज नीट फुटला नाही. लिफ्टपाशी तो पोचला नसावा. म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि तिकडेही ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं, "तुझी काही चूक नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले. रोज."

वॉचमनने टोपी परत डोक्यावर ठेवली, ती नीट केली आणि जाऊन फाटक उघडलं.