लाल दिव्यावरचं फडकं

वावाऊ बेटावरच्या टेलिफोन केंद्रात सर्व्हरचा लाल दिवा वर्षभर पेटलेलाच होता. राखणदार मोआलाकाकांनी त्यावर सरळ फडकं टाकलं होतं.

"डोळ्यांत खुपतो गं पोरी," ते नव्या तंत्रज्ञ लेसिएलीला म्हणाले.

तिचं टाळकंच सणकलं. आधीच्या शहाण्या तंत्रज्ञाने दार उघडं राहिलं तरी लाल, जाळीत धूळ साचली तरी लाल, असं सगळंच लाल करून ठेवलं होतं. तिने सर्व्हरवर इशाऱ्यांची यादी उघडली.

"काका, एकच सांगा. रविवारी चर्चमधून मला भर प्रार्थनेत कशासाठी उठवाल?"

रविवारी त्या बेटावर काम वर्ज्य; कुणी कुदळीलाही हात लावत नाही. काका दचकले. "धुळीसाठी उठवलं तर पाद्री मलाच झोडपेल! मशीन तापलं तर मात्र येईन."

मग दार आणि धूळ साध्या पिवळ्या इशाऱ्यात गेली, लालमध्ये तापणं तेवढं उरलं. दिवा विझला, फडकं काकांच्या खांद्यावर आलं.

तिसऱ्या रविवारी भर स्तोत्रात काका धापा टाकत चर्चमध्ये शिरले. "लाल!"

पाद्रींनी गाणं थांबवलं. "जा पोरी, हीसुद्धा सेवाच."

एसी बंद पडला होता. तो तिने चालू केला, घटकाभरात दिवा विझला.

दुपारी काकांच्या लेकीचा ऑकलंडहून नेहमीसारखा फोन आला. "बाबा, आवाज दमल्यासारखा का येतोय?"

"चर्चला पळत गेलो होतो."

"तुम्ही? चर्चला? तेही पळत?"