रिमोटच्या पोटातली किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. गाडीच्या काळ्या रिमोटच्या पोटात आडवी पडून मी आयुष्याची बरीच वर्षं काढली, त्यामुळे मला आवाज आहे हेच कुणाला माहीत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी माझी उंची. अंगाने सडपातळ, पण खाचा अगदी धारदार. कारखान्यातल्या यंत्राने त्या कापल्या तेव्हाच माझं नशीब ठरलं होतं. गाडीत वीज आहे तोवर मला कुणी विचारणार नाही. वीज संपली की डिकी उघडायची ती मीच.

मला विकत घेणारा माणूस चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. खरं तर त्याने गाडी विकत घेतली; मी त्याच्याबरोबर आले ते त्याच्या नकळत. शोरूममधल्या विक्रेत्याने त्याला गाणी कशी लावायची, काचा कशा खाली करायच्या हे हौसेने दाखवलं. डिकी उघडायला रिमोटवरचं बटण दाबायचं, एवढंच सांगितलं. नंबरप्लेटच्या वर प्लास्टिकच्या झाकणाखाली एक कुलूप आहे आणि त्याची किल्ली रिमोटच्या पोटात आहे, हे सांगायचं राहून गेलं. चष्मेवाल्यानेही विचारलं नाही. नव्या वस्तूचं कौतुक करताना माणसं ती बिघडली तर काय, हे विचारायला लाजतात. लग्नात कुणी औषधाचं दुकान कुठे आहे म्हणून विचारतं का?

घरात तिघंच. चष्मेवाला, त्याची बायको आणि त्याची आई. आईने उभी हयात शिवणाचे वर्ग चालवले होते. ताठ कण्याची, तोंडाने फटकळ. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला आणि ती चाकाच्या खुर्चीत बसली, पण बोलण्यातला ताठा काही मोडला नाही. ती खुर्ची घडी करून डिकीत ठेवायची आणि आईला पुढच्या सीटवर बसवायचं, हा चष्मेवाल्याचा नेम झाला होता.

आईला एक धाकटी बहीण होती. घरात तिचा विषय निघत नसे. त्यांचे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा धाकटी लांबून, उशिराने आली आणि औषधं बदलायला हवीत असं म्हणाली. रात्र रात्र जागलेली आई चिडून तिला म्हणाली होती, "पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी राहा." धाकटीने तेव्हाच पिशवी उचलली. वडील गेले तेव्हा दोघी चितेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या म्हणे. त्यानंतर बोलणं नाही, येणंजाणं नाही. हे सगळं मी गाडीत नवराबायकोच्या बोलण्यातून ऐकलेलं.

मग एके दिवशी कळलं की ही धाकटी, चष्मेवाल्याची मावशी, आपलं घर मोडून मुलाकडे निघाली आहे, समुद्रापलीकडे, कायमची. दुपारच्या रेल्वेने ती विमानतळाच्या शहराकडे जाणार होती. जेवण झाल्यावर आई मुलाला म्हणाली, "मला स्टेशनवर ने."

ते वेळेच्या बरंच आधी पोहोचले. चष्मेवाल्याने इंजिन बंद केलं आणि उतरायला निघाला, तर आईने त्याचा हात धरला. थांब म्हणाली. ऊन कडक होतं, म्हणून त्याने पंखा चालू ठेवला. आईने पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. धाकटीला आधी काय म्हणायचं, असं तिने मुलाला विचारलं. तो म्हणाला, काहीही म्हण, नुसतं समोर गेलीस तरी पुरे. गाणी चालू, पंखा चालू, आणि गाडीची बॅटरी मात्र हळूहळू मरत होती. मला ते कळत होतं.

गाणं अर्ध्यावर बंद पडलं तेव्हाच आई म्हणाली, "चल. जाऊ या."

चष्मेवाला मागे गेला आणि त्याने बटण दाबलं. डिकी उघडली नाही. पुन्हा दाबलं. मग अंगठा दुखेपर्यंत दाबत राहिला. मी त्या अंगठ्याखाली होते. बाजूची बारीक कळ सरकवली असती तर मी घसरून त्याच्या तळहातावर आले असते. त्याने डिकीला धक्के दिले, लाथ मारली, मागची सीट ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. स्टेशनात चाकाची खुर्ची मागायला धावला, तर होती ती एकच, आणि ती दुसऱ्या फलाटावर गेलेली. मावशीला फोन लावला, तो वाजत राहिला. सामान चढवणाऱ्या बाईच्या पिशवीच्या तळाशी वाजणारा फोन कुणाला ऐकू येतो?

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी पुष्कळदा ऐकली होती. त्या दिवशी तो कळसा मी होते. माझ्याइतकं हसं आणि माझ्याइतकी लाज कुठल्या धातूच्या वाट्याला आली नसेल.

शेवटी तो घामाघूम होऊन आईजवळ आला आणि मी तुला उचलून नेतो, म्हणाला. आईने मान हलवली. गाठोड्यासारखी तिच्यापुढे जाऊन पडणार नाही, म्हणाली. निदान मी एकटा जाऊन सांगतो, असं तो म्हणाला. त्यालाही तिने जाऊ दिलं नाही. "तू एकटा दिसलास तर तिला वाटेल, ही आलीच नाही म्हणून."

रेल्वेची शिट्टी बाहेरपर्यंत ऐकू आली. आई समोरच्या काचेतून बघत राहिली. नंतर एका टॅक्सीवाल्याने आपल्या बॅटरीला तारा जोडून आमची गाडी चालू करून दिली, आणि बटण दाबताच डिकी खट्कन उघडली. आतली खुर्ची कुणीच बाहेर काढली नाही.

काही महिन्यांनी रिमोटमधला सेल संपला. तो बदलायला सूनबाईने बाजूची कळ सरकवली आणि मी तिच्या ओंजळीत पडले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला ऊन लागलं. तिने शोधून शोधून ते झाकण काढलं, मला कुलपात फिरवलं आणि डिकी उघडली. चष्मेवाला दारात उभा राहून बघत होता. "जगाला दिसावं म्हणून मी चष्मे देतो," एवढंच तो म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला. आईला सांगू नकोस, असं त्याने बायकोला बजावलं. पण आईने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तिने मला मागून घेतलं, मुठीत धरलं आणि मुलाला सांगितलं, "तिला फोन लाव."

तिकडे मावशीच्या मुलाने उचलला. माझ्या आईला आता कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला, असं सांगून त्याने फोन तिच्याकडे दिला.

"मी आले होते गं," आई ओरडून म्हणाली. "तू गेलीस त्या दिवशी. स्टेशनच्या बाहेर होते, गाडीत. खुर्ची डिकीत अडकली."

मग मावशी म्हणाली, "मी डब्याच्या दारातच उभी होते, ताई. गाडी सुटल्यावरसुद्धा. सगळे आत ये म्हणत होते."

आईची मूठ इतकी आवळली की माझे दात तिच्या तळव्यात रुतले. ती अगदी हळू म्हणाली, "बाबांच्या वेळी तुला पाहुणी म्हणाले, ते मी..."

"काय म्हणालीस? नीट ऐकू येत नाही."

आईने तोंड उघडलं. शेजारी मुलगा होता, सून होती, रस्त्यावरची खिडकी उघडी होती. तिने परत मिटलं. मग मोठ्याने म्हणाली, "काही नाही. जेवलीस का?"

आता मी एका कडीत अडकून दाराशेजारच्या खिळ्यावर असते, सगळ्यांना दिसेल अशी. दर रविवारी फोन येतो. हवा कशी आहे, औषध घेतलंस का, असं दोघी जोरजोरात विचारतात. मावशीला डॉक्टरांनी प्रवासाची बंदी केली आहे. आईला तर जिना उतरणंही जड जातं. तुम्ही मला विचाराल तर मी एवढंच सांगेन, तुमच्या खिशातल्या रिमोटची बाजूची कळ आजच एकदा सरकवून बघा. माझी एखादी बहीण तिथे पडलेली असेल. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. त्या सांगायला माणूस हाताच्या अंतरावर असावा लागतो.